धाकटे अण्णा आणि अकरा आकडे

आपलेच हात दुसऱ्याच्या खांद्याला लावलेले बघायची पाळी फार थोड्यांवर येते. भूपाल कुंभोजेंवर ती आली एका मंगळवारी सकाळी, चहाची बशी ओठांपाशी असताना, आणि बशीतला निम्मा चहा शर्टावर सांडला.

"आयला!" एवढंच ते म्हणाले.

जाड काचेपलीकडे, कपाटाएवढ्या बंद कोठडीत, दोन यांत्रिक हात रिकामी मूस धरून उभे होते. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. उजवा हात जरा वर, डावा खालून आधाराला, आणि मूस कलती करण्याआधी उजवं कोपर अंगाशी चिकटवायची ती लकब! शिरोलीच्या फाउंड्रीत पंचेचाळीस वर्षं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतताना भूपालअण्णांनी जे जे केलं, ते सगळं तिथे होतं. इतकंच काय, मध्येच एक हात उगाच वर गेला आणि जिथे कपाळ असायला हवं तिथला नसलेला घाम पुसून खाली आला.

"हे काय गं?"

"घाम पुसतोय," शेजारी उभी असलेली त्रिशला हसू दाबत म्हणाली. "काढून टाकायला गेलो तर सगळी ओतच बिघडली. मग म्हटलं, पुसू दे बापड्याला."

यंत्राचं कागदोपत्री नाव हस्तक. पण कातळसड्याच्या इंधन केंद्रात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्याला धाकटे अण्णा म्हणत. थोरल्या अण्णांना हे आजच कळलं आणि ते मनातून असे फुलले, की शर्टावरच्या चहाचं काही वाटेना.

त्रिशला ही त्यांची एकुलती एक लेक, धातुशास्त्रात डॉक्टर झालेली. तीन वर्षांपूर्वी तिने बापाला कोपराच्या वर येणारी एक हातमोज्यांची जोडी आणून दिली आणि सांगितलं, वर्षभर हे घालून काम करा. मोज्यांनी बोटांचा दाब, मनगटाचा कल, कोपराचा झोल, सगळं टिपलं. त्यावरून हस्तक शिकला. अण्णा काय करतात ते त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पोर जसं बापाचं बघून चालायला लागतं, तसा तो शिकला, बऱ्यावाईटासकट.

आणि हा सगळा खटाटोप युरेनियमसाठी.

युरेनियम हा एक चमत्कारिक धातू. पाण्याच्या तांब्याएवढा तुकडा उचलायला जावं तर भरलेली घागर उचलल्यासारखी कंबर धरते. वितळलेला असताना त्याला हवा लागू द्यायची नाही, नाहीतर तो पेटतो. म्हणून कोठडीतली हवा काढून घ्यायची. मूस ग्राफाइटची, पण तिला आतून पांढरा लेप द्यायचा, नाहीतर हा पठ्ठ्या मुशीचाच कार्बन खातो. शिवाय नुसतं युरेनियम अणुभट्टीत टिकत नाही. तापलं, निवलं, की आतली रचना बदलतं आणि फुगतं. त्याला ताळ्यावर ठेवायला दहा टक्के मॉलिब्डेनम घालावं लागतं. मॉलिब्डेनम एकटं वितळवायचं तर सव्वीसशे अंश लागतात, पण युरेनियमच्या रसात ते चहात साखर विरघळावी तसं विरघळतं. मग चौदाशे अंशांचा तो रस पेन्सिलीएवढ्या बारीक साच्यांत ओतायचा. जोरात ओतला तर पोकळी राहते, हळू ओतला तर साच्यात अर्ध्यावरच गोठतो. तिथेच मोटारी आणि चाकं हरली होती, आणि त्रिशलाला बापाच्या मनगटाची आठवण झाली होती.

"आकाराला कांड्या झकास येतात अण्णा," तिने सांगितलं. "पण दोन्ही वेळा आतून फसल्या. पहिल्या कांड्यांत मॉलिब्डेनम जास्त, शेवटच्या कांड्यांत कमी. असं इंधन भट्टीत घालताच येत नाही."

"मग?"

"शुक्रवारी तिसरी ओत, ती बघायलाच तुम्हाला आणलंय. ती फसली तर ओतशाळा बंद, इंधन परदेशातून येणार. त्याला दीड वर्ष लागेल. इथल्या अणुभट्टीतून दवाखान्यांना तपासणीची औषधं जातात. हाडाचा कॅन्सर, हृदयाचा दोष, सगळं त्यावर दिसतं. जुनं इंधन दिवाळीपर्यंतच पुरेल. आणि मिश्रणाची कृती माझी आहे. त्यामुळे खापर माझ्यावर. ते बरोबरच आहे म्हणा."

अण्णा काहीतरी बोलणार होते, पण बोलायच्या आधी गप्प राहायची त्यांची सवयच होती. तेवढ्यात त्रिशला पुढे निघून गेली.

कालही असंच झालं होतं. गाडीने गगनबावड्याचा घाट उतरताना ती म्हणाली होती, "अण्णा, राजस्थानात नवं केंद्र होतंय. पाच वर्षांसाठी मला बोलावतायत. जाऊ का?" अण्णांनी दरीकडे बघितलं. दोन वळणं गेली. मग तीच म्हणाली, "राहू दे. आधी शुक्रवार तर पार पडू दे." आणि रेडिओ लावला.

केंद्राच्या प्रमुख डॉ. गद्रे दुपारी भेटल्या. लहानखुऱ्या, केस पांढरे, बोलणं सरळसोट. त्यांनी एक पितळी पाटी दाखवली: 'भूपाल कुंभोजे ओतपद्धत'.

"ओत जमली तर शुक्रवारीच लावू," त्या म्हणाल्या. "नाही जमली तर तुम्ही घरी घेऊन जा. पितळ चांगलं आहे."

अण्णा हसले, पण त्यांना घाम फुटला. कारण गावाकडे तालमीच्या पोरांनी चौकात फ्लेक्स आधीच लावला होता. सन दोन हजार त्रेचाळीस उजाडलं तरी फ्लेक्स काही गेले नव्हते. उलट आता त्यावरचे फोटो हात हलवत. येणाऱ्याजाणाऱ्या म्हशींनासुद्धा फ्लेक्सवरचे अण्णा गेले चार दिवस हात करत होते. खाली लिहिलं होतं, 'अणुवस्ताद भूपालअण्णा यांचे हार्दिक अभिनंदन'.

बुधवारी सकाळी अण्णा यासीन सोलकरच्या खोलीत बसले. यासीन हा रत्नागिरीकडचा, हस्तक चालवणारा, चाळिशीचा, तोंडाला कुलूप नसलेला माणूस. त्याने पडद्यावर मागच्या फसलेल्या ओतीचं चित्रण लावलं आणि दोन बशांत चहा ओतला.

"बघा, आता मूस तापवणारी वीज बंद. वीज चालू असते तोवर रस मुशीत आपसूक घुसळला जातो. बंद झाली, की धाकटे अण्णा समाधीत जातात. एक, दोन, तीन..." यासीनने एका दमात आपली बशी रिकामी केली. "...दहा, अकरा. चला, उठले! घाम पुसला. आता ओततायत."

अण्णांचं लक्ष पडद्यावर होतं. बशी हातातच राहिली होती. त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गार झालाय रे."

"आत्ता तर ओतला! मी प्यायलो तेव्हा जीभ पोळली." यासीन हसला. "तुम्ही पण धाकट्यांसारखे समाधीत गेला होता. काल पण बघितलं मी. बशी तोंडापाशी नेता आणि थांबता."

अण्णा बशीकडे बघत राहिले. घरी बायको चाळीस वर्षं हेच म्हणत होती. "तुमच्यापुढं उकळता चहा ठेवला काय आन् गार ठेवला काय, सारखंच. लग्नात हार घालताना सुद्धा थांबलासा, भटजी माझ्याकडं बघाय लागला."

"यासीनभाई, पुन्हा लाव," ते म्हणाले.

पुन्हा तेच. वीज बंद. एक, दोन, तीन. आणि आकडे मोजताना अण्णांच्या हाताला एकदम झिणझिणी आली, पंचेचाळीस वर्षांपूर्वी सांडशीचा तडाखा बसायचा तिथेच. रसूलवस्ताद! सतरा वर्षांच्या भूपालला ओतकाम शिकवणारा. "वीज बंद झाली की अकरा मोज. घाण वर येऊ दे, ती काढ, मग ओत. घाई केलीस तर बोटं मोडीन!" बिडाच्या रसात मळी असते, ती वर तरंगायला वेळ द्यावा लागतो. वस्तादांनी सांडशी मारून मारून ते अकरा आकडे अंगात मुरवले, इतके की पुढे अण्णा ते मोजतात हे अण्णांनाच कळेनासं झालं. मोजायचे मात्र सगळीकडे. सही करताना, घास घेताना, उत्तर देताना.

"हितं मळी असती का?" त्यांनी विचारलं.

"नावाला. गाळणीच आहे साच्याच्या तोंडावर."

"आन् मूस केवढी?"

"एवढीशी. जास्त एकत्र ठेवताच येत नाही हा माल, नाहीतर अणुक्रिया सुरू व्हायची."

अण्णा उठले. फाउंड्रीतली भट्टी म्हणजे लग्नघरचं पातेलं. त्यात अकरा आकड्यांनी काय निवणार? पण ही मूस म्हणजे बशी. बशीतला रस अकरा आकड्यांत निवतो. निवला तर आधी काय गोठेल? ज्याला वितळायला जास्त आच लागते ते. मॉलिब्डेनमच्या बारीक कण्या धरायला लागतील, आणि त्या हलक्या, म्हणजे वर येतील. मूस कलती केली की वरचं आधी पडतं. पहिल्या कांड्यांत जास्त, शेवटच्या कांड्यांत कमी! लेकीची कृती काटेकोर होती. चूक होती ती बापाच्या हाताची.

खरं सांगायचं तर पहिला विचार त्यांच्या मनात फ्लेक्सचा आला. दुसरा पाटीचा. गप्प बसलो तर कुणाला कळणार आहे? आपल्याला कोण दोष देणार, आपण तर पाहुणे. मग त्यांना लेकीचं कालचं वाक्य आठवलं, 'खापर माझ्यावर', आणि स्वतःचीच लाज वाटली. ते तडक तिच्या खोलीकडे निघाले. वाटेत एकदाही थांबले नाहीत.

त्रिशलाने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"शक्य नाही. रसाचं तापमान आम्ही मोजतो अण्णा. अकरा सेकंदांत काही उतरत नाही."

"मोजता कुठं?"

"मुशीच्या भिंतीवर."

"भिंत गरमच राहणार की! बशी पोळती, चहा गार. वरनं मोजलासा कधी?"

ती एकदम उसळून म्हणाली, "गद्रेबाईंनी दोनदा विचारलं मला, हा थांबा कशाला? मी लेखी दिलंय, त्याला हात लावायचा नाही म्हणून! बाकी सगळं तपासलं, पावडर बदलली, लेप बदलला. तो थांबा सोडून. तुमचा हात चुकत नाही."

"बिडात चुकत न्हाई. ह्याची आन् माझी वळख कालची."

"तुम्ही थांबता त्याला कारण असतं! असायलाच पाहिजे."

"का म्हणून?"

"कारण..." तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. "बारावी झाल्यावर मी तुम्हाला म्हटलं होतं, मला धातुशास्त्र शिकायचंय. तुम्ही जेवत होता. एक शब्द बोलला नाहीत. मला कळलं काय ते. मी उठून गेले. मामाने फी भरली, मी शिकले, तुम्ही नंतर कधी अडवलं नाही, ते वेगळं. पण त्या दिवशी तुमच्या मनात नव्हतं. कारण होतं, म्हणूनच गप्प राहिलात ना?"

अण्णांनी तोंड उघडलं. एक, दोन... त्यांनी स्वतःच्याच मांडीवर चापट मारली.

"अगं येडे, आकडे मोजत होतो मी! आठापतूर आलो हुतो, तवर तू ताट सोडून गेलीस!"

"काय?"

"आन् अकराला मी 'जा' म्हणालो. तुझी आई साक्षीला हाय. ती म्हणाली, भिंतीला सांगताय का? मला वाटलं तुला ऐकू गेलं. तू पिशव्या भरायला लागलीस, मी म्हटलं झालं, ऐकलं हिनं."

त्रिशला खुर्चीत बसली. आधी तिचे डोळे भरले, मग तिला हसू फुटलं, आणि दोन्ही एकदमच चालू राहिलं. "तेरा वर्षं, अण्णा! तीन आकड्यांसाठी तेरा वर्षं!" अण्णाही रडत हसत होते. त्यांनी खिशातला रुमाल काढून तिला दिला आणि आपले डोळे बाहीने पुसले, अगदी धाकट्यासारखे.

दुपारी वरून तापमान मोजून बघितलं. भिंत जागच्या जागी, आणि रसाची वरची साय शंभर अंशांनी खाली! डॉ. गद्रे आकड्यांकडे बघत राहिल्या. "म्हणजे आम्ही एवढी शिकलेली माणसं एका सवयीच्या पाया पडत होतो," त्या म्हणाल्या. "काढा तो थांबा."

पण घोडं तिथेच अडलं. घाम पुसण्यासारखंच हेही. हस्तकाचं सगळं शिकणं एकाच विणीचं होतं. एक टाका उसवला की मनगट डळमळायचं. नवी वीण घालायची तर अण्णांनीच मोजे चढवून पुन्हा ओतायला हवं होतं, न थांबता, निदान दोनशे वेळा. आणि हातात होता फक्त गुरुवार.

खऱ्या रसाची गरज नव्हती. मूस पडद्यावरची, पण मोज्यांतून तिचं वजन हाताला खरं जाणवायचं. वीज बंद झाल्याची घंटा वाजली, की लगेच ओतायचं. पहिल्या खेपेला घंटा वाजली आणि अण्णा थांबले.

"अण्णा!"

"थांबलो व्हय? बरं, पुन्हा."

पुन्हा थांबले. दहाव्यांदा थांबले. विसाव्यांदा स्वतःला शिवी घालून ओतायला गेले, तर सगळा रस साच्याबाहेर. यासीन म्हणाला, "हे म्हणजे उचकी थांबवण्यासारखं आहे. लक्ष दिलं की जास्त येते."

त्रिशलाने कान टवकारले. ती बापाच्या मागे जाऊन उभी राहिली. घंटा वाजली.

"तुमच्या सासऱ्यांचं नाव?"

"बाळगोंडा!" अण्णा दचकून म्हणाले, आणि मूस कलती झाली. सरळ, संथ, एका धारेत.

"आईच्या हातचं सगळ्यात वाईट काय?"

"पडवळ! घरी सांगू नको!"

"म्हशीचं नाव?"

"चंद्री!"

"पहिल्यांदा खोटं कधी बोललात?"

"वस्तादाला! आजारी हाय म्हणून कुस्ती बघाय गेलो!"

आता अण्णांना मोजायला सवडच मिळेना. सासरे, म्हशी, कुस्त्या, शाळेतला मार, सगळं भराभर बाहेर आलं आणि प्रत्येक उत्तराबरोबर एक ओत पडत गेली. बाजूच्या खोल्यांतली माणसं दाराशी जमली. कुणीही काहीही विचारू लागलं. डॉ. गद्रेंनीसुद्धा गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मटण की मासे?" आणि अण्णा ओरडले, "आम्ही जैन!" आणि ओतलं. त्रिशलाला बापाबद्दल एका दिवसात जेवढं कळलं, तेवढं एकतीस वर्षांत कळलं नव्हतं. संध्याकाळी पाचला दोनशे सतरावी ओत पडली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. घंटा वाजली आणि अण्णांनी आपसूक ओतलं.

शुक्रवारी अकराला खरी ओत. पलीकडे मूस लालभडक, मग पिवळी, मग पांढरट झाली. रस घुसळला जात होता. सगळे काचेला नाक लावून उभे. वीज बंद झाली, आणि धाकट्या अण्णांनी तिथल्या तिथे मूस कलती केली. कोपर अंगाशी, मनगट सैल, बारीक झगझगीत धार एका साच्यातून दुसऱ्यात. मूस रिकामी झाल्यावर उजवा हात वर गेला आणि त्याने नसलेल्या कपाळावरचा घाम पुसला. या खेपेला मात्र काम संपल्यावर पुसला.

"माझ्याहून शहाणा हाय," अण्णा पुटपुटले.

कांड्या निवून तपासून यायला तीन वाजले. यासीन कागद नाचवतच आत आला. पहिल्या कांडीत दहा टक्के. मधल्या कांडीत दहा टक्के. शेवटच्या कांडीत, त्याने मुद्दाम दम खाल्ला आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, दहा टक्के! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी टाळी दिली, कुणीतरी दवाखान्यांना फोन लावला, आणि डॉ. गद्रे पितळी पाटी घेऊन आल्या.

"ह्यातलं भूपाल खोडा बाई," अण्णा म्हणाले. "कुंभोजे तेवढं राहू द्या. थांबायचं चुकलं ते माझं, बाकीचं डोकं हिचं."

"गावातल्या फ्लेक्सचं काय करणार?" त्रिशलाने हळूच विचारलं.

"दोन म्हशी सोडल्या तर कोण वाचतंय ते!"

संध्याकाळी ती त्यांना घेऊन निघाली. घाट लागला. सगळे डोंगर उन्हात न्हाऊन निघाले होते. अण्णांनी थर्मासमधून टोपणात चहा ओतला, ओतल्या ओतल्या तोंडाला लावला आणि जीभ पोळून घेतली.

"आई गं! कढत असतो की गं चहा! तुझ्या आईला उगाच नावं ठेवली चाळीस वर्षं."

त्रिशला हसली. एक वळण गेलं. तिने रेडिओकडे हात नेला, मग मागे घेतला.

"अण्णा, ते राजस्थानचं... मी..."

"जा," अण्णा म्हणाले.

"अहो, पूर्ण ऐकून तरी घ्या! पाच वर्षं आहेत. लांब आहे. आईला..."

"आईला मी सांगतो. तू जा. शाब्बास पोरी, जा." त्यांनी टोपण पुन्हा भरून तिच्यापुढे धरलं. "घे, गरम हाय तवर पी."